दोघींची परात

सदाशिवराव गावंड्यांच्या घरात दोन सुना. थोरली रुपाली आणि धाकटी राखी. दोघीही अंगानं चांगल्या भरलेल्या, आणि एकीशिवाय दुसरी घराबाहेर पडायची नाही. बोरी अरबच्या बाजारात त्या शेजारीशेजारी चालू लागल्या की समोरून येणारा आपणच बाजूला व्हायचा. मागून कुणी खुसफुसलं की राखी वळून म्हणायची, "तुमच्या घरचं खाऊन नाई झालो बाप्पा!" मग रुपालीला हसू आवरायचं नाही, आणि ती भाजीवाल्याच्या दुकानाचा खांब धरून उभी राहायची.

रुपाली या घरात आली तेव्हा विशीची होती आणि बारीक होती, हे आता कुणाला सांगून पटत नसे. सासू कडक होती. आधी बाप्यांनी जेवायचं, मग पोरांनी, मग सासूनं, आणि उरलंसुरलं सुनेनं. पाच-सहा वर्षं रुपाली चुलीजवळ एकटी बसून जेवली. काय जेवली, कशी जेवली, ते तिच्या लक्षातही नव्हतं. मग धाकट्या दिराचं, धनराजचं लग्न झालं आणि राखी आली. आल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांची पंगत उठल्यावर राखीनं पीठ मळायची पितळी परात धुऊन मधे ठेवली, तिच्यात भाकरी मोडल्या, वांग्याची भाजी ओतली आणि म्हणाली, "या ताई. दोन ताटं कायले घासायची?"

त्या दिवसापासून त्या दोघी त्या परातीतच जेवत आल्या. सासू गेली, तिचे नियमही गेले, पण परात राहिली. दुपारी घर निजलं की दोघी मांडी घालून बसायच्या. ज्वारीची भाकर, पातोडीची भाजी, वरून तर्री, कांदा, ठेचा. पोट केव्हाच भरलेलं असे. पण राखीची गोष्ट संपलेली नसायची, आणि हात परातीत नसला तर गोष्ट ऐकण्यात मजा नव्हती. मग आणखी अर्धी भाकर. मग शेवेचा चिवडा. रुपालीची लेक निशिगंधा यवतमाळला हॉस्टेलवर राहायला गेल्यापासून आणि धनराज चाकणच्या कंपनीत लागल्यापासून घर आणखीच रिकामं झालं होतं, आणि दुपार आणखी लांब.

राखी पाच वर्षांनी लहान, शेतात राबणारी. तिचं अंग टणक होतं. रुपालीचं मात्र खाल्लेलं अंगावर बसलं तसं आतही बसत गेलं. साखर वाढली, रक्तदाब वाढला, गुडघे कुरकुरायला लागले. एकशे अठ्ठावीस किलोवर काटा गेला तेव्हा तिनं वजन करणंच सोडून दिलं.

एका कार्तिकात दोघी कापूस वेचायला गेल्या. दुपारनंतर रुपाली गाठोडं बांधायला म्हणून सरीत बसली आणि तिला उठताच येईना. राखीनं दोन्ही हात धरून ओढलं, तर राखीचाच तोल गेला आणि ती तिच्या अंगावर पडली. मग दोघी तशाच कापसात बसून हसत राहिल्या. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी रुपालीचा नवरा, अमर, बैलगाडी घेऊन आला तेव्हा त्यानं आणि राखीनं मिळून तिला उभं केलं.

अमर हसला नाही. गाडी हाकताना मागं न बघताच तो म्हणाला, "रात्री झोपेत तुहा श्वास थांबते. मी जागा राहून मोजतो, किती वेळानं येते ते. तुले सांगितलं नाई आजवर."

रुपालीचं हसू तिथंच थांबलं. राखीनं तिच्या पदरातला कापूस वेचायला सुरुवात केली, उगाच, एकेक तंतू.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि नागपूरला पाठवलं. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं, त्यावर एक उभी रेघ मारली आणि रेघेच्या अलीकडचा भाग दाखवला. "दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं. मोठा भाग काढून टाकायचा. उरेल ते एवढं, केळ्याएवढं." त्यांनी हेही सांगितलं की ऑपरेशन म्हणजे अर्धंच काम आहे, उरलेलं अर्धं आयुष्यभर तुम्हालाच करायचं आहे. अमरनं कापसाच्या पैशात भागवायचं ठरवलं आणि होकार दिला. रुपाली त्या चित्राकडे बघत राहिली.

ऑपरेशनआधी एका समुपदेशक मुलीनं तिला वेगळ्या खोलीत बसवलं. मुलगी गोड होती. तिनं विचारलं, "काकू, तुम्ही जास्त केव्हा खाता? मन उदास असलं की? रिकामा वेळ असला की? राग आला की?"

रुपालीनं प्रामाणिकपणे विचार केला. "राखी असली की," ती म्हणाली.

"राखी कोण?"

"माही जाऊ."

मुलीला वाटलं, जाऊ त्रास देत असेल. तिनं हळूच विचारलं, "पटत नाही का तुमचं?"

"पटते म्हणूनच तं," रुपाली म्हणाली. तोवर तिला ऑपरेशनची भीती वाटली होती ती भुलीची, चाकूची. काय जाणार आहे ते तिला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं.

घरी तयारी सुरू झाली. यकृतावरची चरबी उतरावी म्हणून दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं होतं: ताक, वरणाचं पाणी, आणि खडूच्या भुकटीसारखी चव असलेली प्रोटीनची पावडर. सकाळ-संध्याकाळ नदीच्या पुलापर्यंत चालायचं. फुप्फुसं मजबूत व्हावीत म्हणून तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढायच्या. रुपालीची कशीबशी एक गोळी चढायची. सासरे सदाशिवराव, सुनांचे मामाजी, ओट्यावर बसून हे बघत. एक दिवस त्यांनी यंत्र मागून घेतलं, जोर लावला, दीड गोळी वर गेली आणि त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की राखी पाणी घेऊन धावली. "बाकीच्या गोळ्या बिडीनं खाल्ल्या माह्या," म्हातारा म्हणाला.

राखीनं मात्र वेगळाच पण केला होता. "तुमी वरणाचं पाणी पेसान तं मी बी तेच पेईन. तुमच्यापुढं भाकर मोडू का मी?" दोन दिवस तिनं खरंच तसं केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी रुपाली गोठ्यात गेली तर राखी बैलांपुढं टाकायच्या कुटाराच्या ढिगामागं उभी राहून भाकरीत ठेचा गुंडाळून खात होती. जावेला बघून तिनं घास गिळायच्या ऐवजी रडायलाच सुरुवात केली.

"उभ्यानं काहून खाऊन राह्यली, चोरावानी?" रुपाली म्हणाली. "चाल घरात. बस माह्यापुढं. तू खा अन् बोल."

राखी परात घेऊन बसली. रुपालीनं हातात ताकाचा पेला धरला. वाफाळलेल्या वांग्याचा वास नाकात जात होता आणि तोंडाला पाणी सुटत होतं. पण राखी शेजारच्या बाईच्या नव्या सुनेची गोष्ट सांगत होती, आणि ती गोष्ट तिच्या तोंडून ऐकायला मिळत होती. त्या दुपारी रुपालीला वाटलं, निभेल. एवढं राहिलं तरी निभेल.

माघात नागपूरला ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तेव्हा पोटावर पाच लहान चिकटपट्ट्या होत्या आणि दुखत होता तो खांदा. पोटात भरलेली हवा तिथं चढते म्हणे. संध्याकाळीच नर्सनं तिला उभं करून व्हरांड्यात चालवलं. दुसऱ्या दिवसापासून औषधाच्या टोपणानं पाणी. एक टोपण, मग थांबायचं, मग पुन्हा एक.

राखी भेटायला आली ती दारातच घुटमळली. कुणाच्या आजारपणात जाताना डबा नेला नाही असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला समजेना. शेवटी तिनं पिशवीतून कंगवा आणि खोबरेल तेल काढलं, जावेच्या मागं पलंगावर बसली आणि तिचे केस विंचरून घट्ट वेणी घालून दिली.

घरी आल्यावरचे पहिले दिवस मोजूनमापून गेले. राखीच्या हाती चमचा आणि वाटी होती. वरणाचं गाळलेलं पाणी, नारळपाणी, पावडर, गोळ्या. पोट दुखत नव्हतं, वजन दिसतंसं उतरत होतं, अमर आता रात्री जागा राहत नव्हता. साखरेच्या गोळ्या निम्म्या झाल्या, मग बंद. सगळं चांगलंच चाललं होतं. फक्त भूक गेली होती.

याची कुणी कल्पना दिली नव्हती असं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही महिने भूक लागणार नाही, घड्याळ बघून खायचं. पण भूक नसणं म्हणजे काय हे ऐकून समजत नाही. रुपालीला वाटलं होतं, आपण खाण्यासाठी तळमळू, मन मारू. तसं झालंच नाही. फोडणीचा वास यायचा आणि निघून जायचा, शेजारच्या घरचा असल्यासारखा. दुपार व्हायची, पण आता जेवायचंय असं अंगातून काही उठायचं नाही. खाण्यापेक्षा तिला त्या उठण्याचीच आठवण यायची. सकाळी भाकरी थापताना पोटात जे कालवायचं, आणि मग दुपारपर्यंत मनात जी एक वाट बघणं चालू असायचं, ते कुठं गेलं? अमरला तिनं हे सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "मंग चांगलंच हाये ना!" चांगलंच होतं.

महिन्यानंतर मऊ खायची परवानगी मिळाली. राखी सकाळपासून आनंदात होती. तिनं वांगं भाजलं, साल काढली, बिनतिखटाचं, बिनतेलाचं घोटून घोटून लोण्यासारखं केलं आणि चार चमचे वाटीत घातले. स्वतःची भाकर परातीत घेऊन ती समोर बसली. आणि कितीतरी दिवसांनी तिनं गोष्ट सांगायला घेतली: गावातल्या एका माणसानं सासऱ्याच्या तेरवीला डीजे सांगितला होता ती. रुपाली हसायला लागली. हसता हसता एक चमचा नीट न चावता घाईत आत गेला.

छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखं झालं. घाम फुटला, तोंडात फेस जमला. ती मोरीपर्यंत गेली आणि ओकली, आणि ओकून झाल्यावरही किती वेळ भिंत धरून उभी राहिली. राखीनं धावत जाऊन नागपूरच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी धीर दिला, घाबरायचं कारण नाही म्हणाल्या, पण पुढं हेही म्हणाल्या, "जेवताना बोलायचं नाही, हसायचं नाही. लक्ष घासाकडे. एकेक घास तीस वेळा चावायचा."

हे वाक्य राखीनं मनावर घेतलं. त्यानंतर ती जावेच्या जेवणाच्या वेळी तोंडातून शब्द काढायची नाही. वाटी समोर ठेवायची आणि उठून जायची. स्वतःचं जेवण लवकर, कधी रांधता रांधताच उरकून घ्यायची. परात पुन्हा पीठ मळण्यापुरती राहिली.

चैत्रात एकदा रुपालीनं तिला अडवलं. "तू मले टाळून राह्यली राखी."

"नाई ताई."

"खोटं बोलू नको."

राखी पीठ चाळत होती ती थांबली. "मी बोलली की तुमाले घास उतरत नाई. अन् गुपचाप बसून एकटीनं खाल्लं तं माहा उतरत नाई. मंग कसं करू मी? सांगा तुमीच." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी बारीक होऊन चालल्या. ब्लाऊज पाहा कसे लोंबून राह्यले. मी हाये तिथंच हाये. लोकं इचारतात, आता तुहा नंबर कधी? जशी काई मी रांगेत उभी हावो."

रुपालीनं चाळणी तिच्या हातातून घेतली आणि उरलेलं पीठ चाळलं.

वैशाखात धनराजचा फोन आला. चाकणला दोन खोल्या मिळाल्या होत्या, राखीच्या लेकीची तिथली शाळा जूनमध्ये सुरू होणार होती. राखीला हे आधीपासून माहीत होतं. सांगायचा धीर होत नव्हता. "तेरा वर्षं नवरा-बायको दोन गावाला राह्यलो," ती म्हणाली, "कधी तं जावंच लागन ना ताई." रुपाली म्हणाली, "जावंच लागन." सामान बांधताना रुपालीनं परात पुढं केली, तर राखीनं ती परत सरकवली. "तिथं तीन माणसांचा सैपाक. एवढी मोठी परात ठेवू कुठं?"

पाऊसपाणी झालं, सोयाबीन वर आलं, आणि रुपाली उतरतच गेली. गुडघे दुखायचे थांबले. ती पुलापर्यंत जाऊन यायची आणि दम लागायचा नाही. केस मात्र मूठमूठ गळाले. दंडाची कातडी लोंबू लागली, पंखा लावला की थंडी वाजायची. बाजारातल्या बायका हळूच अमरला विचारायच्या, "काई मोठा आजार-बिजार तं नाई ना?" आता बाजारात ती एकटी जायची. रस्ता कुणी सोडत नसे. धक्का लागला तर लोक बघतही नसत. आपण सुखात आहोत हे तिला पटत होतं. तरी दुपारी घर निजलं की स्वयंपाकघरात ती काहीतरी शोधल्यासारखी फिरायची, डबे उघडून परत लावायची, आणि बाहेर येऊन बसायची.

दसऱ्याच्या सुमारास एक दिवस ती तुरीच्या कडेनं गवत कापत होती. ऊन चढलं होतं. आणि एकाएकी पोटात काही कालवलं. आधी वाटलं, मळमळ असेल. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसली. मग ओळख पटली. भूक होती. लहानशी, पण भूकच. विळा हातात तसाच राहिला आणि तिला रडू फुटलं.

तिनं तिथूनच राखीला फोन लावला. राखीनं उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. रुपालीनं डब्यातली पाव भाकर काढली, हळूहळू चावून खाल्ली, आणि कामाला लागली. संध्याकाळी राखीचा फोन आला. मागं यंत्रांचा आणि बायकांचा गलका. ती एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. "बोला ताई, काय होतं दुपारी?"

"काई नाई," रुपाली म्हणाली. "अशीच."

एवढी मोठी गोष्ट त्या गलक्यात सांगायची कशी?

आठवडाभरानं तिनं अमरला सांगितलं, "वेचणी लागायच्या आत मी चाकणले जाऊन येते." अमरला नवल वाटलं. तिनं कधी एकटीनं यवतमाळच्या पुढं प्रवास केला नव्हता. ट्रॅव्हल्सच्या बर्थवर आपण मावणार नाही म्हणून धनराज इतकी वर्षं चाकणला असूनही ती तिकडे कधी गेली नव्हती. आता ती एका बर्थवर झोपून गेली, आणि उशाला पिशवी ठेवायलाही जागा उरली.

सकाळी चाकणला राखी घ्यायला आली होती. ती उतरणाऱ्या बायकांकडे बघत होती आणि रुपाली तिच्यासमोर उभी होती. "अवो माय!" राखी म्हणाली, आणि मग भर रस्त्यात तिनं जावेचे दोन्ही दंड धरून चाचपून पाहिले, आत माणूस आहे ना याची खात्री केल्यासारखे.

राखीही बदलली होती. बारीक झाली नव्हती, पण ओढलेली दिसत होती. पहाटे उठायची, डबे भरायची, ओट्याशी उभ्याउभ्या दोन घास खायची आणि कंपनीच्या गाडीसाठी पळायची. संध्याकाळी धनराजची पाळी असली की पुन्हा एकटी. पाच-सहा दिवस रुपालीनं पाहिलं. या बाईला बसून जेवताना तिनं एकदाही पाहिलं नाही.

रविवार आला. धनराज लेकीला घेऊन बाहेर गेला होता. राखीनं पातोडीची भाजी केली, भाकरी थापल्या आणि दोन ताटल्या घेतल्या. रुपालीच्या ताटलीत अर्धी भाकर आणि वाटीभर रस्सा. जमिनीवर बसायचं म्हणताना राखीनं सवयीनं हात पुढं केला, पण रुपाली आपली आपण मांडी घालून बसली.

"मी बोलणार नाई हं," राखी म्हणाली.

"तू बोल," रुपाली म्हणाली. "मी चावत राहते. तू चावशीन तवा मी बोलीन."

मग राखी बोलू लागली. कंपनीतल्या सुपरवायझर बाईबद्दल, खोलीच्या मालकाबद्दल, चाकणच्या पाण्यात डाळ शिजत नाही याबद्दल. रुपाली घास फिरवत ऐकत होती. घास संपला की ती धुऱ्यावरच्या त्या दुपारबद्दल बोलली. भूक कशी आली, आधी ओळखूच कशी आली नाही, ते सगळं. राखी चावायची थांबली.

"मंग फोनवर काहून नाई सांगितलं?"

"फोनवर सांगायची गोष्ट हाये का ते?"

राखीनं तिसरी भाकर संपवली तेव्हा रुपालीची अर्धी संपली. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. ताटल्या वाळून गेल्या तरी दोघी उठल्या नाहीत.

निघायच्या दिवशी राखी म्हणाली, "राहा ना आणखी." रुपाली म्हणाली, "कापूस फुटला असन. अन् मामाजीले कोन पाहीन?" राखीनं मान हलवली. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, तरी तिचे ओठ हलतच होते.

बोरीला अमर स्टँडवर आला होता. मोटरसायकलच्या मागं ती सहज बसली. वाटेत त्यानं विचारलं, "काय काय पाह्यलं पुण्याकडे?"

"काई नाई पाह्यलं."

"मंग आठ दिवस केलं काय?"

"जेवली," रुपाली म्हणाली.

तो हसला. ती हसली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस पांढरा झाला होता, आणि उद्यापासून वेचायला लागणार होतं.